दोघांना वगळून या

आज एका संघाच्या एका हंगामाविषयी बोलायचं आहे. संघ अमेरिकेतल्या एका कॉलेजचा, खेळ अमेरिकन फुटबॉल आणि साल १९५१. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही. अशा संघाला हंगामाच्या शेवटी मानाच्या सामन्याचं बोलावणं यावं, अशी तिकडची रीत. या संघाला ते मिळालं नाही. म्हणजे मिळत होतं, पण एका अटीवर. ती अट काय होती आणि ती नाकारण्याची किंमत काय पडली, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधीच सांगतो, मी क्रीडासमीक्षक नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. मैदानाशी माझा संबंध शाळेतल्या कबड्डीपुरता. पण शब्दांशी रोजचं देणंघेणं असल्यामुळे एखादा शब्द मध्येच वाट अडवून उभा राहतो. या हकिगतीत तो शब्द आहे ‘आमंत्रण’. आमच्या घरात त्याला दावत म्हणतात, गावात पंगतीचं बोलावणं म्हणतात. कुठल्याही भाषेत त्याचा अर्थ एकच असायला हवा, की या, तुमची जागा राखून ठेवली आहे. पण बोलावणारा जेव्हा म्हणतो, की तुम्ही सगळे या, फक्त ते दोघे नकोत, तेव्हा त्याला आमंत्रण म्हणायचं की आणखी काही?

पुढं जाण्याआधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकन फुटबॉल हा आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. चेंडू लंबगोल. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत शिरायचं. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढं सरकता आलं पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. चेंडू घेऊन पार शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊन, त्याचे सहा गुण. कबड्डी खेळलेल्या माणसाला यातली धडपड लगेच कळेल. एकजण हद्द ओलांडायला निघालेला आणि बाकीचे त्याच्या अंगावर झेपावणारे. फरक इतकाच, की इथं पळणाऱ्याच्या बाजूचे दहाजण त्याच्यासाठी वाट मोकळी करत असतात. स्वतःच्या अंगावर धक्के घेऊन दुसऱ्याला पुढं जाऊ देणं हे या खेळातलं निम्म्याहून अधिक काम. टाळ्या पळणाऱ्याला मिळतात, मार मात्र सगळ्यांना बसतो.

आता विद्यापीठाविषयी. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइट पाद्र्यांनी १८५५ साली सुरू केलेलं. विद्यार्थी थोडे आणि तिजोरीही बेताची. संघाचं स्वतःचं स्टेडियम नव्हतं. सामने शहराच्या गोल्डन गेट पार्कमधल्या केझर स्टेडियमवर व्हायचे. संघाचं नाव ‘डॉन्स’. आपल्याकडे डॉन म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईचा सिनेमा उभा राहतो. पण हे डॉन स्पॅनिश भाषेतले. आपल्याकडे नावाला ‘राव’ किंवा ‘साहेब’ जोडतात, तसं ते आदरार्थी संबोधन. कॅलिफोर्नियावर पूर्वी स्पेनची सत्ता होती, त्याची ती खूण.

प्रशिक्षक होते जो कुहारिच. शिस्तीचे कडक. संघातली बरीच मुलं कामगारांच्या, स्थलांतरितांच्या घरांतून आलेली. काहीजण तर दुसऱ्या महायुद्धात लढून मग कॉलेजात आलेले. जिनो मार्केटी हा त्यांतला एक. आईवडील इटलीहून आलेले, आणि हा मुलगा अमेरिकन सैन्यातून युरोपात ‘बॅटल ऑफ द बल्ज’सारख्या भीषण लढाईत लढून परतलेला. बॉब सेंट क्लेअर हा पावणेसात फुटांचा धिप्पाड गडी त्याच शहरातला. संघाच्या प्रसिद्धीचं काम पाहायला पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण होता. सामन्यांची माहिती वर्तमानपत्रांकडे पोचवायची, आपल्या खेळाडूंची नावं चार लोकांच्या कानांवर घालायची, हे त्याचं काम. या तिघांची नावं लक्षात ठेवा, पुढं लागतील.

आणि त्या संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. दोघेच. ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर. मॅट्सन मूळचा टेक्सासचा, लहानपणी सॅन फ्रान्सिस्कोला आलेला. टोलर टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. दोघंही आधी शहरातल्या सिटी कॉलेजात एकत्र खेळले आणि मग या विद्यापीठात आले. मॅट्सन चेंडू घेऊन पळणारा. अंगानं भरलेला, पण वेग धावपटूचा. टोलरचं मुख्य काम बचावाचं. समोरून येणाऱ्याला अडवायचं, आडवं करायचं. दोघांच्या खेळाची आठवण संघातले गोरे सोबती म्हातारपणापर्यंत काढत राहिले.

१९५१चा हंगाम सुरू झाला तो सॅन होजे स्टेटवर ३९-२ असा विजय मिळवून. पुढं त्याच संघाला त्यांनी पुन्हा ४२-७ असं हरवलं. एकाच हंगामात एकाच संघाशी दोनदा खेळायची वेळ का आली? कारण मोठी नावं त्यांच्या वेळापत्रकात नव्हती. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड ही शेजारची बलाढ्य विद्यापीठं त्यांच्याशी त्या वर्षी खेळली नाहीत. छोट्या संघाकडून हरलं तर अब्रू जाते आणि जिंकलं तर पदरात विशेष काही पडत नाही. हा हिशेब आपल्या तालमींतल्या नामवंत पैलवानांनाही ठाऊक असतो. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला लष्करी आणि नाविक तळांच्या संघांशीही खेळावं लागलं. हे वेळापत्रक पुढं त्यांच्याविरुद्ध कारण म्हणून वापरलं जाणार होतं.

ऑक्टोबरमध्ये संघ देश ओलांडून न्यूयॉर्कला गेला. सामना फोर्डहॅम विद्यापीठाशी. देशातली बडी वर्तमानपत्रं आणि बडे क्रीडालेखक न्यूयॉर्कमध्ये. त्यांच्या डोळ्यांत भरल्याशिवाय पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या संघाला कोण विचारणार? सामना अटीतटीचा झाला, ३२-२६. त्यात मॅट्सननं फोर्डहॅमनं लाथाडलेला चेंडू झेलून दोनदा थेट टचडाऊनपर्यंत धाव घेतली. एकदा ९४ यार्ड आणि एकदा ९०. म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान, आणि तेही समोरून अकराजण अंगावर येत असताना. त्या हंगामात चेंडू घेऊन धावण्यात मॅट्सन देशात पहिला आला. एकूण १५६६ यार्ड.

नोव्हेंबरमध्ये कॉलेज ऑफ पॅसिफिकशी स्टॉकटन गावी सामना झाला. दोन्ही संघांना मानाच्या आमंत्रणाची आस होती. चाळीस हजारांवर प्रेक्षक जमले आणि सॅन फ्रान्सिस्कोनं ४७-१४ असा धुव्वा उडवला. शेवटचा सामना लॉस एंजेलिसच्या लोयोला विद्यापीठाशी, पासाडिना गावातल्या प्रसिद्ध रोझ बोल स्टेडियमवर. तोही २०-२ असा जिंकला. हंगाम संपला. नऊ विजय, शून्य पराभव. असोसिएटेड प्रेसच्या राष्ट्रीय क्रमवारीत चौदावा क्रमांक.

आता हे ‘बोल’ प्रकरण काय आहे, ते सांगायला हवं. इंग्रजीत बोल म्हणजे वाडगा. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून सामन्यांना ते नाव पडलं. अमेरिकेत कडाक्याची थंडी असते तेव्हा दक्षिणेतल्या आणि पश्चिमेतल्या उबदार शहरांना पर्यटक हवे असतात. नववर्षाच्या सुमाराला देशातले दोन नामांकित कॉलेज-संघ बोलावून सामना ठेवला, तर लोक येतात, हॉटेलं भरतात, दुकानं चालतात. पासाडिनाचा रोझ बोल सगळ्यांत जुना. मग मायामीचा ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, डॅलसचा कॉटन बोल, जॅक्सनव्हिलचा गेटर बोल. गुलाब, संत्री, साखर, कापूस, सुसर. जिथं जे प्रसिद्ध, ते नाव.

या सामन्यांना कोणाला बोलवायचं, हे त्या काळी कुठलीही राष्ट्रीय संघटना ठरवत नव्हती. त्या त्या गावातल्या प्रतिष्ठित मंडळींची समिती ठरवायची. म्हणजे मैदानावरच्या गुणांनी हा मान मिळत नसे, तो यजमानाच्या मर्जीनं मिळे. रोझ बोलचं दार तर आधीच बंद होतं, कारण तिथं दोन बड्या गटांमधलेच संघ खेळणार असा करार झालेला होता. सॅन फ्रान्सिस्को कुठल्याच गटात नव्हतं. उरले ते दक्षिणेतले सामने.

आणि दक्षिणेत वर्णभेद कायद्यानं चालत होता. शाळा वेगळ्या, बसमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळ वेगळे. मैदानावर गोरा आणि काळा एकत्र उतरणं तिथल्या अनेकांना खपत नव्हतं. उत्तरेतली विद्यापीठंही दक्षिणेत खेळायला जाताना आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला गुपचूप घरी ठेवत. त्याला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असं गोंडस नाव होतं. सभ्यता आणि गृहस्थपणा हे दोन्ही शब्द एखाद्या गोष्टीला इतके कमी लागू पडलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

अपवाद नव्हते असं नाही. १९४८च्या कॉटन बोलमध्ये पेन स्टेट विद्यापीठाचा संघ आपल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह डॅलसमध्ये उतरला होता. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला आणि आभाळ काही कोसळलं नाही. पण एका अपवादानं रीत मोडत नाही. १९५१च्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी काय घडलं पाहा. ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट चेंडू दुसऱ्याकडे सोपवून मोकळा उभा होता. तेवढ्यात समोरच्या संघातल्या एका गोऱ्या खेळाडूनं धावत येऊन त्याच्या जबड्यावर प्रहार केला. जबडा मोडला. दोन वृत्तछायाचित्रकारांनी तो प्रसंग क्रमाक्रमानं टिपला आणि त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. ओक्लाहोमातल्या त्या विद्यापीठाकडून दिलगिरी यायला मात्र २००५ साल उजाडावं लागलं. ब्राइट त्याआधीच, १९८३ साली वारला होता.

अशा हवेत सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांपर्यंत निरोप आला. खेळाडूंच्या आठवणींत ऑरेंज बोलचं नाव येतं. निरोपाचा मथितार्थ असा होता, की तुमचं आमंत्रण पक्कं होऊ शकतं, फक्त मॅट्सन आणि टोलर यांना घरी ठेवून या.

या ठिकाणी कोणी नाटककार असता तर त्यानं मोठा प्रवेश लिहिला असता. खोलीत जमलेली मुलं, कोणी बाजूनं, कोणी विरुद्ध, मग एखाद्याचं जळजळीत भाषण, मग मतदान. तसं काहीच झालं नाही. त्या संघातल्या वयोवृद्ध खेळाडूंनी पुढं अनेकदा सांगितलं आहे, की मतदानाचा प्रश्नच आला नाही. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. निर्णय घ्यावा लागला असं त्यांना वाटलंच नाही.

मला या हकिगतीतली हीच बाजू सगळ्यांत महत्त्वाची वाटते. निर्णय त्या दिवशी झाला नाही, कारण तो आधीच होऊन गेलेला होता. उन्हाळ्यातल्या सरावात, वसतिगृहाच्या खोल्यांत, एका ताटाशेजारी दुसरं ताट असलेल्या जेवणांत, आणि मुख्य म्हणजे मैदानावर. मॅट्सनसाठी वाट मोकळी करताना ज्यानं अंगावर धक्के घेतले, आणि टोलरनं आडवा केलेला गडी पाहून ज्यानं सुटकेचा श्वास टाकला, त्याला कोणी येऊन सांगितलं, की हे दोघे तुमचे नव्हेत, तर त्याला ते वाक्य कळणारच नाही. तत्त्वज्ञान वाचून आलेली ही मुलं नव्हती. त्यांना आपला संघ किती माणसांचा आहे, एवढं मोजता येत होतं.

मीही कवी म्हणून सशर्त बोलावण्यांशी थोडाफार परिचित आहे. एकदा एका कार्यक्रमाच्या संयोजकांनी मला फार प्रेमानं बोलावलं आणि फोन ठेवता ठेवता सुचवलं, की अमुक एक कविता तेवढी वाचू नका, उगाच कोणाला लागायला नको. मी गेलो नाही. माझं नुकसान झालं ते एका संध्याकाळचं आणि मानधनाच्या एका पाकिटाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वही माझ्याच टेबलावर होती, कविता लिहायला मला कोणाची परवानगी लागणार नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांचं तसं नव्हतं. त्यांच्या नकारानं त्यांचं मैदानच गेलं.

ते कसं, ते पाहू. बोल सामन्यातल्या उत्पन्नाचा वाटा खेळणाऱ्या विद्यापीठांना मिळत असे. छोट्या कॉलेजाला ती रक्कम म्हणजे एखाद्या शेतकऱ्याला सुगीत हाती आलेल्या पिकासारखी. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉलला तिची फार गरज होती. पोशाख, शिष्यवृत्त्या, प्रवास, प्रशिक्षकांचे पगार, सगळ्याचा खर्च चढत होता आणि तिकीटविक्री उतरत होती. त्याच शहरात ‘फॉर्टीनायनर्स’ हा व्यावसायिक संघ १९४६पासून त्याच केझर स्टेडियमवर खेळू लागला होता. रविवारी व्यावसायिकांचा खेळ पाहायला मिळत असेल तर कॉलेजच्या सामन्यासाठी खिशात हात कोण घालणार? कॅलिफोर्नियातल्या छोट्या कॅथलिक महाविद्यालयांची तेव्हा हीच गत झाली. सेंट मेरीज कॉलेजनं १९५०च्या हंगामानंतर फुटबॉल सोडला, लोयोलानं १९५१नंतर, सांता क्लारानं १९५२नंतर. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठानंही १९५१चा हंगाम संपल्यावर काही आठवड्यांतच संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढं लहान प्रमाणावर तिथं खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा थांबला. पण डॉन्सचे ते दिवस परत आले नाहीत.

एका बोल सामन्याच्या पैशानं संघ कायमचा वाचला असता, असं मी म्हणणार नाही. आजूबाजूचे संघ ज्या कारणांनी मिटले ती कारणं एका धनादेशानं पुसली गेली नसती. पण एखादं-दुसरं वर्ष नक्की मिळालं असतं. निदान एक मोठा सामना, वर्तमानपत्रांत छायाचित्रं आणि नातवंडांना दाखवायला एक पदक. हे सगळं समोर ठेवलेलं असताना त्यांनी पाठ फिरवली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अट लिहून पाठवायची त्या काळी रीतच नव्हती, अशा गोष्टी तोंडी चालतात. उघडपणे पुढं आलेलं कारण वेगळं होतं. सॅन फ्रान्सिस्कोनं तगड्या संघांशी सामने खेळले नाहीत, असं ते कारण. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्या वर्षी ऑरेंज बोलमध्ये खेळलेले जॉर्जिया टेक आणि बेलर हे दोन्ही संघ क्रमवारीत त्यांच्या वर होते. पण गेटर बोलमध्ये बोलावलेला क्लेमसनचा संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या खाली होता आणि त्याच्याशी खेळलेला मायामीचा संघ पहिल्या विसांतही नव्हता. मग कारण फक्त खेळाचं कसं? सॅन फ्रान्सिस्कोतले रेडिओ समालोचक आयरा ब्लू यांनी तेव्हाच सांगितलं होतं, की दक्षिणेतल्या या समित्यांना कृष्णवर्णीय खेळाडू असलेले संघ नकोच आहेत. समित्यांनी जे कागदावर येऊ दिलं नाही, ते रेडिओवर मात्र बोललं गेलं.

त्या खेळाडूंचं पुढं काय झालं? इथं हकिगत जरा सुखद होते. त्या एका संघातल्या नऊजणांना व्यावसायिक संघांनी निवडून घेतलं. मॅट्सननं १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं कांस्य आणि रिलेचं रौप्यपदक मिळवलं आणि मग तो शिकागो कार्डिनल्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. त्याची किंमत किती? १९५९ साली लॉस एंजेलिसच्या संघानं त्याच्या एकट्याच्या बदल्यात नऊजण देऊ केले. मार्केटी बाल्टिमोर कोल्ट्सचा बचावपटू म्हणून गाजला. १९५८च्या अंतिम सामन्यात त्याचा पाय मोडला, तरी सामना पाहायचाच म्हणून तो स्ट्रेचरवरून मैदानाच्या कडेलाच थांबला होता. मॅट्सन आणि मार्केटी यांना १९७२ साली एकाच वेळी व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मान मिळाला. सेंट क्लेअरला १९९०मध्ये. एकाच वर्षीच्या एकाच कॉलेज-संघातले तीन खेळाडू त्या मानाच्या दालनात असणं ही असाधारण गोष्ट मानली जाते. आणि हा संघ बोल सामन्याच्या लायकीचा नव्हता म्हणे!

प्रसिद्धीचं काम करणारा तो तरुण, पीट रोझेल, १९६० साली नॅशनल फुटबॉल लीगचा आयुक्त, म्हणजे सर्वोच्च अधिकारी झाला. १९८९पर्यंत तो त्या पदावर होता. सुपर बोल नावाचा जो अवाढव्य सामना आज टीव्हीवर जगभर दिसतो, तो त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाला.

राहिला बर्ल टोलर. माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जातं. क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघानं त्याला निवडलं होतं. पण १९५२च्या उन्हाळ्यात शिकागोतल्या एका मानाच्या सामन्यात त्याचा गुडघा कायमचा दुखावला. व्यावसायिक खेळाडू होण्याआधीच खेळ संपला. तो शिक्षक झाला. पुढं सॅन फ्रान्सिस्कोतल्या बेंजामिन फ्रँकलिन शाळेचा मुख्याध्यापक झाला. आणि १९६५ साली नॅशनल फुटबॉल लीगनं त्याला सामनाधिकारी म्हणून नेमलं. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी. आयुक्तपदावर तेव्हा रोझेल होता. आठवडाभर शाळा आणि रविवारी मैदान, असं त्यानं पंचवीस हंगाम निभावलं.

२० जानेवारी १९८० रोजी टोलर सुपर बोलमध्ये सामनाधिकारी म्हणून उभा राहिला. सुपर बोलमध्ये हा मान मिळालेला तोही पहिलाच कृष्णवर्णीय. सामना झाला तो पासाडिनाच्या रोझ बोल स्टेडियमवर. नोव्हेंबर १९५१मध्ये ज्या हिरवळीवर त्याच्या संघानं लोयोलाला हरवून आपला शेवटचा सामना जिंकला होता, त्याच हिरवळीवर. तेव्हा त्याला वगळून या म्हणणारे होते. आता त्या मैदानावर हद्द कुठं ओलांडली गेली आणि कुठं नाही, हे सांगायचा अधिकार त्याच्या हातात होता.

मधल्या काळात दक्षिणेतली रीतही सहज बदलली नाही. १९५६च्या शुगर बोलमध्ये पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय खेळाडू बॉबी ग्रिअर खेळणार म्हटल्यावर जॉर्जियाच्या गव्हर्नरनं आपल्या राज्याच्या संघानं तिथं खेळू नये असा पवित्रा घेतला. तेव्हा त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले ते जॉर्जिया टेकचे गोरे विद्यार्थी. ग्रिअर खेळला. त्यावर लुइझियाना राज्यानं त्याच वर्षी गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळण्यावर बंदी घालणारा कायदाच केला. तो न्यायालयात टिकला नाही, पण त्याला १९५९ साल उजाडलं. प्रत्येक वेळी कोणीतरी नकार द्यावा लागला, कधी संघानं, कधी विद्यार्थ्यांनी, कधी न्यायाधीशांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांचा नकार त्या रांगेतला एक.

त्यांची आठवण लोकांना व्हायलाही बराच काळ गेला. २००२मध्ये त्यांच्यावर पुस्तक निघालं. २००६ साली त्यांच्या विद्यापीठानं संघातल्या हयात खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी शहरातल्या ज्या शाळेत टोलर मुख्याध्यापक होता, त्या शाळेच्या वास्तूला त्याचं नाव देण्यात आलं. २०१४मध्ये संघावर माहितीपटही झाला. टोलर २००९मध्ये गेला, मॅट्सन २०११मध्ये, सेंट क्लेअर २०१५मध्ये, मार्केटी २०१९मध्ये.

एक गोष्ट मात्र मला सांगून टाकायची आहे. अशा हकिगती सांगताना आपण नकार देणाऱ्या गोऱ्या मुलांचं कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. पण मॅट्सन आणि टोलर यांच्या जागी बसून एकदा विचार करून पाहा. आपल्या असण्यामुळे आपल्या तीस-चाळीस मित्रांची आयुष्यभराची संधी जाते आहे, हे विशीतल्या दोन मुलांना कळलेलं आहे. त्यांचा दोष काहीच नाही, तरी ओझं त्यांच्याच खांद्यांवर. अशा वेळी मित्रांनी सभा भरवून, चर्चा करून, मोठ्या मनानं त्यांच्या बाजूनं कौल दिला असता, तरी ते ओझं राहिलंच असतं. उलट उपकारानं वाढलं असतं. मित्रांनी चर्चाच केली नाही. विषय चर्चेचा आहे, असंही त्यांनी दाखवलं नाही. त्या दोघांना त्या दिवशी याहून मोठं काही देता आलं नसतं.

तेव्हा कधी तुमच्याकडे असं बोलावणं आलं, लग्नाचं, सभेचं, सहलीचं, की या, पण अमक्याला आणू नका, तर डॉन्सचा हा हंगाम आठवावा. ते बोलावणं खरं किती जणांसाठी आहे, ते आधी मोजून घ्यावं. आणि मोजदाद जुळत नसेल, तर घरी बसून सगळ्यांनी मिळून जेवावं.